रिटर्नच्या खालच्या एकोणीस ओळी

ऑफिसात सगळे तिला ताई म्हणत, साहेबसुद्धा. नवजात बाळांना ऊब देणाऱ्या काचेच्या पेट्या ही कंपनी बनवायची, आणि पेटीतला सी भाषेतला प्रोग्राम गेली अकरा वर्षं ताईच सांभाळत होती. या वेळचं काम कंटाळवाणं होतं: प्रोग्राम जिथे कधीच पोहोचत नाही अशा मेलेल्या ओळी शोधून काढून टाकायच्या. तपासणीच्या टूलने दोनशे सात जागा दाखवल्या होत्या. शुक्रवारपर्यंत आकडा शून्यावर यायला हवा होता.

मंगळवारी दुपारपर्यंत तिने दीडशे उडवल्या. मग हीटरच्या फाइलमध्ये हात थबकला. फंक्शनच्या मधोमध एकटंच ‘रिटर्न’, म्हणजे प्रोग्राम तिथूनच मागे फिरणार. त्याच्याखाली एकोणीस ओळी. त्या अण्णांच्या होत्या. ताईला काम शिकवलं ते अण्णांनीच. बाळाच्या अंगावरचा सेन्सर निसटून लोंबकळला की पेटीला वाटतं बाळ गार पडलंय, आणि ती तापवतच राहते. तसं झालं तर हीटर थांबव आणि भोंगा वाजव, एवढंच त्या ओळी सांगत होत्या.

“कुठल्या दीडशहाण्याने हे मध्ये घुसडलं?” असं पुटपुटत तिने फाइलचा इतिहास उघडला. नाव तिचंच होतं. अकरा वर्षांपूर्वीची तारीख. शेजारी शेरा: ‘तात्पुरतं. प्रदर्शनानंतर काढणे.’

प्रदर्शनात पेटीत बाहुली ठेवली होती. तिच्या प्लास्टिकला सेन्सर चिकटेना आणि भोंगा थांबेना. तेव्हाचे साहेब फोनवर ओरडत होते, अण्णा रजेवर होते. ताई नवखी, तिने एक ओळ टाकली. पुढच्या महिन्यात अण्णा निवृत्त झाले आणि ती ओळ तशीच राहून गेली.

“साहेब, या ओळी काढायच्या नाहीत. वरचं रिटर्न काढायचंय.”

साहेबांनी सगळं नीट ऐकून घेतलं. माणूस वाईट नव्हता. “ताई, त्या ओळी चालू केल्या की पेटीचं वागणं बदललं. मग प्रमाणपत्र नव्याने, सगळ्या चाचण्या नव्याने. आठ महिने. मेलेला कोड काढला तर काहीच बदलत नाही.”

“आणि सेन्सर निसटला तर?”

“जास्त तापमानाचा वेगळा भोंगा आहे ना.”

“तो फार उशिरा वाजतो.”

“नर्स असते तिथे.” साहेब तिच्या नजरेला नजर देईनात. “पुढच्या आवृत्तीत घेऊ. माझ्या हातात असतं तर आजच केलं असतं.”

तिने साहेबांच्याही वर पत्र धाडलं. दोन शब्दांचं उत्तर आलं: ‘नोंद घेतली.’

बुधवारी संध्याकाळी तिने अण्णांना फोन लावला.

“अगं, किती वर्षांनी! आठवण झाली म्हणायची म्हाताऱ्याची.”

तिने काही न लपवता सांगितलं. पलीकडे अण्णांनी टीव्ही बंद केला.

“माझा नातू त्याच पेटीत होता,” अण्णा म्हणाले. “नऊ दिवस. सुनेला म्हणायचो, निर्धास्त झोप, सेन्सर निसटला तर पेटी बोंब मारेल, मी स्वतः लिहिलंय.”

“बरा आहे ना तो?”

“बरा आहे. शाळेत जातो. वर सांगितलंस ना?”

“सांगितलं.”

“मग?”

“मग काही नाही, अण्णा.”

तिने त्या ओळींना हात लावला नाही. शुक्रवारी सकाळी साहेबांनी स्वतःच त्या उडवल्या. पडद्यावर शून्य आलं, कुणीतरी टाळ्या वाजवल्या.

ताई उठून तक्रार विभागात गेली. तिथल्या बाईंकडे तिने पेट्यांच्या तक्रारींची यादी मागितली.

“कधीपासूनची?”

“अकरा वर्षांची.”

बहुतेक तक्रारी तुटलेल्या चाकांच्या, नाहीतर उडालेल्या दिव्यांच्या. तीन जागी मात्र एकच मजकूर: ‘बाळाचे अंग अति तापले. पेटी तपासली, दोष आढळला नाही.’ बाळांचं पुढे काय झालं ते लिहिलेलं नव्हतं. तिसऱ्या नोंदीपुढे इस्पितळाचा नंबर होता. जिन्यात उभं राहून तिने तो फिरवला.

“नवजात विभाग, बोला,” पलीकडून दमलेला बाईचा आवाज आला. मागे एक बाळ रडत होतं. “हॅलो? कोण हवंय?”

“चुकून लागला,” एवढंच ताई कशीबशी म्हणाली.