सहा बनियन, सहा विजारी

सहा बनियन होती आणि सहा विजारी. पाच बनियनांच्या गळ्याशी पुठ्ठ्याची चिठ्ठी अजून लटकत होती, सहाव्याची घडी मोडलेली आणि काखेतली शिवण उसवलेली. विजारी मात्र सहाही धुतलेल्या, गुडघ्यांवर लोकरीचे बारीक गोळे आलेले, एकीचं इलॅस्टिक सैल पडलं म्हणून तिथे पांढरी नाडी ओवलेली. तिने कप्पा पुरता बाहेर ओढला, पुन्हा मोजलं (शंका होती म्हणून नव्हे, सवयीने) आणि खिशातल्या वहीत लिहिलं. पाच बनियन न वापरलेली, विजारी सहाही वापरलेल्या. त्या पाचाखाली तिने रेघ मारली.

थंडीत आतून घालायचे, लांब बाह्यांचे हे सगळे जोड तिनेच घेतले होते, दोन हिवाळ्यांत तीन-तीन. साडेअठरा मायक्रॉन जाडीच्या तंतूंची मेंढीची लोकर, दर चौरस मीटरला दोनशे ग्रॅम, टोचत नाही, घाम आला तरी गारठत नाही... नोकरीच्या ठिकाणी ती दिवसभर थर्मामीटर पारखते, खोटं बोलणारा थर्मामीटर तिला दुपारच्या आत सापडतो. वडिलांसाठी आतले कपडे निवडताना तिने तक्ता केला होता. आणि ते कपडे इथे, चिठ्ठीसकट.

तीन आठवड्यांपूर्वी, खिडकीच्या काचेला आतून हिम धरलं होतं त्या सकाळी, शेजारच्या नर्सबाईंनी बाबांचं तापमान पाहिलं – चौतीस पूर्णांक नऊ. बाबा खुर्चीत बसलेले, शर्टावर बटणांचा स्वेटर, जीभ जड. डॉक्टर म्हणाले, या वयात अंग गारठतं ते माणसाला कळतही नाही, छातीला ऊब हवी. लोकरी बनियन का नाही घातलं, असं तिने विचारलं तेव्हा बाबा हसले होते. "विसरलो गं." मागच्या हिवाळ्यातही हेच. विसरलो.

मोठे काका आधी किल्ल्या विसरले होते, मग घराकडे वळणारी गल्ली, मग काकूंचं नाव. दादाने काल फोनवर तेच काढलं. "काकांच्या वेळी आपण उशीर केला. उद्या मी येतो, खोली रिकामी करू, बाबांना माझ्याकडे नेतो. तू मोजत बसू नकोस आता." दादाचं चूक नव्हतं. पण ही खोली, ही खिडकी आणि खिडकीतून दिसणाऱ्या रस्त्यावरच्या सतरा पाट्या, बाबांनी रंगवलेल्या, त्यांतल्या नऊ अजून टिकून... माणूस यातून उचलून दुसऱ्या गावी ठेवला, तर त्याचं किती उरतं? हे कशाने मोजतात, मला माहीत नाही.

"मोजपट्टी, काय शोधतेस?" बाहेरच्या खोलीतून बाबा. लहानपणापासून ते तिला हेच म्हणतात.

"काही नाही."

"मग लवकर सापडेल."

तिला हसू आलं नाही. डोकं चालतंय, तिने मनात नोंद केली, आणि लगेच खोडली – काकाही शेवटपर्यंत विनोद करायचे. मीच कशाला असा पुरावा गोळा करतेय, कोणाच्या बाजूने?

दुपारी ती कोपऱ्यावरच्या लोकरीच्या दुकानात गेली. बाबांना हवी ती जात निवडली नसेल, हा शेवटचा धागा तिने धरून ठेवला होता. टोचत असेल, गळा घट्ट असेल, काहीतरी असेल जे 'विसरलो' नसेल. दुकानातल्या बाई डोळ्यांवर चष्मा आणि कपाळावर दुसरा चष्मा अशा बसल्या होत्या.

"वडिलांसाठी हवंय, लोकरी बनियन. याचे मायक्रॉन किती?"

"मायक्रॉन सांगते हो, पळून जात नाहीत ते. वडील केवढे?"

"एकाहत्तर."

"हात वर जातो का त्यांचा?"

तिने बाईंकडे पाहिलं.

"अहो, डोक्यातून घालायचं म्हणजे दोन्ही हात वर न्यावे लागतात. साठीच्या पुढचं गिऱ्हाईक आलं की मी आधी हेच विचारते. लोक लोकर बघतात, खांदा कोणी बघत नाही."

हात वर जातो का. बाबांचा हात म्हणजे वरच – शिडीच्या सातव्या पायरीवर, डाव्या हातात आधाराची काठी, तिच्यावर उजवं मनगट, आणि खालून बघणाऱ्या तिला आधी दिसायची ती त्यांची रंगाने माखलेली काख... तो हात तिने वर गेलेला शेवटचा कधी पाहिला? रंगाचे डबे फळीवरून उतरून जमिनीवर रांगेत आले होते, तिने ते वेंधळेपणात धरलं. दिवा बदलायला बाबांनी शेजाऱ्याला बोलावलं, तेही. केस बारीक कापून घेतले, "आता विंचरायला आहे काय डोक्यावर?" म्हणाले, ती हसली होती. आणि कपडे! शर्ट, बटणांचा स्वेटर, बटणांचं जाकीट. गोल गळ्याचं एकही काही दोन हिवाळ्यांत त्यांच्या अंगावर नव्हतं. आणि विजारी – सहाच्या सहा वापरलेल्या. विसरणारा माणूस बनियन विसरेल तर विजारही विसरेल. रोज सकाळी कमरेखालचं आठवतं आणि कमरेवरचं विसरतं अशी विस्मृती जगात नाही. आकडे सकाळीच वहीत होते. तिने चुकीच्या आकड्याखाली रेघ मारली होती.

ती दुकानात, गल्ल्यासमोर उभी राहून हसली, आणि हसता हसता डोळे भरले.

"काय झालं हो?" बाईंनी दोन्ही चष्मे सारखे केले.

"काही नाही. समोरून बटणं असलेलं आहे का?"

"आहे की. सात बटणी. बटणंही मोठी."

परत आली तेव्हा बाबा खिडकीशी होते. तिने पिशवी टेबलावर ठेवली.

"बाबा, हात वर करा बघू."

"कशाला? शरण यायला?"

"उजवा. करा."

त्यांनी नजर खिडकीबाहेरच ठेवली. मग हात उचलला. तो खांद्याच्या रेषेपर्यंत आला आणि तिथेच, जणू वर छत असल्यासारखा, थांबला.

"कधीपासून?"

"झाले दोन हिवाळे. एकदा घातलं होतं तुझं ते बनियन. अर्ध्यात अडकलो, डोकं आत, हात आत. पाऊण तास पोत्यातल्या बोक्यासारखा बसलो. मधे तुझा फोन वाजत होता."

तो न उचललेला फोन तिला आठवला. त्याचीही तिने नोंद केली होती.

"मग विसरलो का म्हणालात? आम्हाला काय काय वाटलं... दादा उद्या खोली रिकामी करायला येतोय, बाबा."

"विसरलो म्हटलं की लोक हसतात आणि सोडून देतात. पाटीवाल्याचा हात वर जात नाही म्हटल्यावर..." त्यांनी वाक्य तिथेच ठेवलं, रस्त्यावरच्या पाट्यांकडे बघत.

रागवायला हवं होतं. पण राग तिला सापडेना. आत कुठेतरी तीन आठवडे आवळून धरलेलं काही सुटत होतं, हळूहळू, थंडीतून आल्यावर बोटं सुटतात तसं, थोडं दुखत. खांदा बरा होईल की नाही, माहीत नाही. दादा म्हणेल, डोकं नाही तर हात, एकटं कसं ठेवायचं? म्हणेलच. ते उद्या. उद्या तो येईल तेव्हा कप्पा तसाच त्याच्यापुढे ठेवायचा, सहा आणि सहा, आणि म्हणायचं, आता तू मोज.

"इकडे बघू नकोस," बाबा म्हणाले. ती पाठ करून उभी राहिली. लोकरीची सळसळ, मग उजव्या बाहीपाशी एक थांबणं, एक हुंकार, मग बटणं – ती कानांनी मोजत होती, पाचव्यापाशी ती चुकली आणि तिला बरं वाटलं.

"टोचत नाही गं हे."

"साडेअठरा मायक्रॉन आहे."

"असेल, असेल. हात कसला आरामात गेला ते लिही तुझ्या वहीत."

तिने चहा ठेवला. दोघांनी तो खिडकीशी बसून घेतला. बाबांनी समोरच्या शिंप्याच्या पाटीवरचं एक अक्षर कसं चुकून जाड झालं होतं ते सांगितलं, साल, महिना, त्या दिवशीचा वारा यांसकट. तासाभराने तिने थर्मामीटर झटकला, त्यांच्या जिभेखाली ठेवला आणि घड्याळ लावलं.

खोली चौदा अंश. बाबा छत्तीस पूर्णांक पाच.