खिळ्याविना उभा राहिलेला घोडा

मित्रांनो, मी एक जुना वेच्या आहे. संगणकावर तुम्ही वेबसाइट पाहता ना, त्या खिडकीच्या, म्हणजे ब्राउझरच्या, वरच्या कोपऱ्यात नखाएवढी जागा अडवून मी बसतो. मला दाबलं की समोरच्या पानातले रंग, अक्षरांची वळणं, चित्रं, बारीक चिन्हं मी वेगवेगळी काढून हातात देतो. मला हात नाहीत, पाय नाहीत, पण मी जिथे जन्मलो त्या खोलीत माझ्याएवढं काम कुणी केलं नाही. हे मीच सांगतो, कारण दुसरं कुणी सांगणार नाही.

माझा जन्म रागातून झाला. टायरच्या दुकानावर एक खोली होती. तिथे खोक्यांची आणि लेबलांची सजावट आखली जायची. खोलीत एक खिडकी, गुरगुरणारा पंखा आणि पाठ मोडलेली खुर्ची. त्या खुर्चीवर ताई बसायची. गिऱ्हाईक आलं की ती लोगोची मूळ फाइल मागायची. उत्तर ठरलेलं.

"मूळ कशाला? वेबसाइटवर आहे की. तिथून घ्या."

एकाने तर दुकानाच्या पाटीचा फोटो पाठवला. अर्धी पाटी त्याच्याच स्कूटरने झाकलेली.

"यांना स्वतःचा चेहरासुद्धा जपून ठेवता येत नाही," ताई म्हणाली आणि मला घडवायला बसली. तिला हे कुणी शिकवलं नव्हतं. चुकत, चरफडत ती शिकली आणि मी तयार झालो.

शेजारच्या टेबलाशी तिचा कामातला जोडीदार बसायचा. उन्हाळ्यातही गळ्यात मफलर, म्हणून त्याचं नावच मफलर. तो मला हसायचा. "एवढा खटाटोप कशाला? स्क्रीनशॉट मारायचा, विषय संपला."

काही जण मला चोर म्हणाले. त्यांनाही सांगून टाकतो. बंद दाराआड मी शिरत नाही. जे वेचतो त्याच्याखाली ते कुठल्या पानावरून आलं हे लिहिल्याशिवाय राहत नाही. चोर कधी पत्ता ठेवून जातो का?

आता माझ्या आयुष्यातलं मोठं काम ऐका.

ताईची आत्या लाकडी खेळणी करायची. तिचा घोडा खिळ्याशिवाय, डिंकाशिवाय उभा राहायचा. पायांच्या खाचा पोटाच्या खाचांत अशा बसायच्या की हलवलं तरी सुटत नसत. सगळ्या खेळण्यांचे नमुने तिने कागदावर काढले होते. तिच्या लेकीने ते रेष न् रेष संगणकावर गिरवले आणि जावयाने त्यांची वेबसाइट केली. पुढे कागदांना वाळवी लागली, तो संगणक भंगारात गेला आणि आत्याचा हात थरथरू लागला. नमुने पुन्हा काढणं तिला जमणार नव्हतं. जगात ते फक्त त्या वेबसाइटवर उरले होते आणि भाडं थकल्याने ती शनिवारी बंद होणार होती.

ताईने जावयाला फोन लावला. "भावोजी, वेबसाइटचा पासवर्ड द्या, मूळ फाइली काढून घेते."

"आठवत नाही गं. तेव्हाचा फोन पण गेला."

"आत्याचा वाढदिवस घातला होता का?"

"सासूबाईंचा वाढदिवस मला कुठे माहीत असायला?"

मफलर मदतीला धावला. त्याने सगळ्या पानांचे स्क्रीनशॉट मारले, अंदाजाने मोठे करून छापले आणि पातळ फळीवर चिकटवले. आत्याने समोर बसून मफलरकडून करवतीने घोडा कापून घेतला. पण छापलेली रेष फुगली होती आणि मापही चुकलं होतं. खाचा सैल झाल्या. जोडताच घोडा गुडघ्यांवर बसला.

आत्याने घोडा उचलून खाचांवरून बोट फिरवलं. मग हळूच म्हणाली, "माझे घोडे असे बसत नाहीत रे."

मफलरने मफलर सोडून टेबलावर ठेवला. "आता तुझा वेच्याच लाव," तो ताईला म्हणाला.

शुक्रवारी ताईने मला दाबलं. स्क्रीनशॉट म्हणजे पानाचा नुसता फोटो. मी फोटो काढत नाही, पानाच्या पोटातली मूळ रेष जशीच्या तशी उचलतो, मापासकट. घोडा उचलला, बदक उचललं, डोलणारं अस्वल उचललं. एक शेपूटही मागे ठेवलं नाही.

शनिवारी वेबसाइट बंद झाली. रविवारी आत्याने नव्या छापावरून मफलरकडूनच घोडा कापून घेतला. ताईने हात पुढे केला, तसा आत्याने तो बाजूला सारला. थरथरत्या बोटांनी तिने स्वतः पाय बसवले. खट्. घोडा उभा राहिला. तिने त्याला टिचकी मारली. तो हलला, पडला नाही.

"हा माझा," ती म्हणाली.

"आणि तो कोपऱ्यातला वेच्या आमचा," मफलर म्हणाला. मित्रांनो, मला छाती असती तर तेव्हा अभिमानाने फुगली असती.

आज मी राखाडी पडलो आहे. खिडकीची नवी आवृत्ती आली आणि तिने मला ओळखच दाखवली नाही. मला दुरुस्त करायला एक दुपार पुरेल. ताई रोज म्हणते, "उद्या बघते." कामापुरतं गोड बोलायचं आणि मग विसरायचं, ही माणसांची खोड मला पाठ आहे. तुम्हाला ती लागू देऊ नका. हत्यार वापरता तर त्याची निगाही राखा. तुम्ही काढलेल्या चित्राची मूळ प्रत जपा. दुसऱ्याचं घ्याल तेव्हा विचारून घ्या आणि त्याचं नाव सोबत ठेवा.

मी मात्र तक्रार करत बसणार नाही. ताईच्या टेबलावर, पडद्याच्या शेजारी आत्याने दिलेला तो घोडा आहे. त्याच्याकडे पाहा. चारही पायांवर उभा आहे.