समोर दोन व्यक्ती

"समोर एक व्यक्ती आहे," गळ्यातला फोन म्हणाला आणि कळशीकडे गेलेला धोंडूचा हात तिथेच थबकला.

घरात तर चिटपाखरू नव्हते. बायको विमला मासळीची टोपली घेऊन मसुऱ्याच्या बाजारात गेलेली. लेक तेजस्वी सकाळच्या गाडीने नांदगावला, सासरी परतलेली. कालच तिने हा फोन आणून बापाच्या गळ्यात अडकवला होता. काचबिंदूने धोंडूचे डोळे खाल्ले त्याला चार वर्षे झाली. आता समोर काय आहे ते फोनमधली बाई सांगणार. काल पडवीत तिने कोंबडी सांगितली, माड सांगितला, शेजाऱ्याची मोटारसायकलसुद्धा सांगितली.

"मास्तरीण दिसता," धोंडू म्हणाला होता. "मालवणी येणा नाय काय गो हिका?"

"तुमीच शिकवा तिका, बाबानू," तेजस्वी हसली होती.

आज मात्र मास्तरीण भलतेच बोलत होती.

"कोण आसा?" धोंडूने विचारले. कोणी ओ दिली नाही. बाहेर समुद्राची गाज तेवढी चालू होती.

"तरुण पुरुष," बाई शांतपणे म्हणाली. "हसत आहे."

 धोंडूने दाराची चौकट घट्ट धरली.

तीन वर्षांपूर्वी तोंडवलीच्या समोर होडी उलटली होती. दोघे पोहत किनाऱ्याला लागले. धोंडूचा दीपेश लागला नाही. गावाने चार दिवस किनारा पालथा घातला. पण दर्यावर जन्म काढलेल्या धोंडूचे म्हणणे साधे होते. दर्या मेलेल्याला पोटात ठेवत नाही, तिसऱ्या दिवशी वाळूवर आणून टाकतो. याला टाकला नाही, म्हणजे पोरगा जिवंत आहे. गेला असेल वाहत कारवारकडे, डोक्याला मार लागून घर विसरला असेल, पण आहे. मग त्याने घरात ताकीदच दिली. बारावे-तेरावे करायचे नाही, फोटोला हार घालायचा नाही आणि जेवताना दीपेशचे ताट मांडायचे म्हणजे मांडायचे. समजवायला आलेल्यांच्या अंगावर तो खेकसून गेला. विमला एका शब्दाने बोलली नाही. रोज दुपारी तिसरे ताट जमिनीवर टेकल्याचा आवाज यायचा, आणि मगच धोंडू पहिला घास घ्यायचा.

"दीपेश?" त्याने हळूच हाक मारली. "इलंस रे?"

"तरुण पुरुष. हसत आहे. अंतर दोन मीटर."

"हसतंस कित्याक, मेल्या? तीन वर्सां! आवशीचा काय झाला, इचार तरी केलंस?"  तो चाचपडत पुढे सरकला. गुडघा खाटेला लागला. ही दीपेशची खाट. तिच्यावरची वळकटी कोणी हलवायची नाही, हीही त्याचीच ताकीद, म्हणून तो स्वतःही या कोपऱ्यात फिरकायचा नाही. "बोल मा रे झिला," म्हणत त्याने दोन्ही हात पुढे केले.

बोटांना काच लागली.

गार, सपाट काच. कडेला लाकडी पट्टी. काचेवर फुले, ओलसर, आजचीच. धोंडूने बोटे नाकाशी नेली. सुरंगी.

महिनाभर घरात सुरंगी दरवळत होती. "म्हातारपणी गजरे माळतंस काय गो?" असे त्याने विमलेला चिडवलेही होते. "होय, हौस इली," ती म्हणाली होती. हौस! आणि हा मूर्ख त्यावर हसला होता.

तो मागे सरला आणि समोरच्या भिंतीला पाठ टेकून खाली बसला. आंधळ्याला फसवले म्हणून आधी त्याचे डोके तापले. मग त्याला ते ताट आठवले. हार घालणारी तीच आणि ताट मांडणारीही तीच. पोराला पोचवायचे आणि नवऱ्याची आशा जगवायची, दोन्ही तिने एकटीने केले होते. घरात मोकळेपणी रडायची सोयसुद्धा त्याने तिला ठेवली नव्हती. धोंडूला स्वतःची लाज वाटली.

दाराशी टोपली टेकली. "अवो, खंय आसात?" म्हणत विमला आत आली. "असे खाली कित्याक बसलात?"

"समोर दोन व्यक्ती आहेत," फोन म्हणाला.

"दोन?" विमला गर्रकन मागे वळली. तिच्या बांगड्या वाजल्या. 

"चुकता तो," ती कशीबशी म्हणाली. "नवो आसा मा."

"चुकणा नाय," धोंडू म्हणाला.

विमलेला हुंदका फुटला. तीन वर्षांत ती पहिल्यांदाच त्याच्यासमोर रडत होती. त्याने तिला गप्प केले नाही. तिचे आवरल्यावर त्याने विचारले, "उद्याची फुलां हाडलंस?"

"ओटीत आसत."

"हाड हय. दोरो दी. मी करतंय हार."

जाळ्याला मारतात तशी न सुटणारी गाठ तो एकेका फुलाला मारू लागला. पाचसहा फुले झाल्यावर त्याचे हात थांबले. "केवढो होयो गो?"

विमलेने त्याचे दोन्ही हात धरले आणि एकमेकांपासून दोन वीत दूर नेऊन ठेवले.

"एवढोच?"

"एवढोच," ती म्हणाली. "झील जल्मलो तेवा होतो तेवढो."

त्या दुपारी जमिनीवर दोनच ताटे वाजली. सवयीने धोंडू तिसऱ्यासाठी थांबला. मग त्याने घास उचलला.