शिवरामचा कोलोनचा ग्लास

"भावजी, आईची शपथ घेऊन सांगा. ग्लास तुम्हीच रिकामा करता ना?"

ललितावहिनी माझ्या दारात उभी. सकाळचे साडेसहा, बाहेर आत्ताच छत्तीस डिग्री, मला रुसैलला फॅक्टरीत पोचायचं, आणि समोरच्या फ्लॅटमधली बाई माझ्यावर पाणी चोरल्याचा आळ घेत होती.

"वहिनी, मी तुमचं पाणी कशाला पिऊ? माझ्याकडे नळ आहे."

"आमची किल्लीपण आहे तुमच्याकडे."

ते खरं होतं. माझा इतिहासही खरा होता. मस्कतच्या आमच्या मराठी मंडळींत कुणाच्या डब्यात रबरी पाल निघाली, की पहिली शिवी मलाच यायची. पन्नाशी उलटली तरी प्रेमानंद सुधारला नाही, असं सगळे कौतुकानं म्हणायचे.

शिवराम म्हणजे वहिनीचा नवरा. माझ्याच फॅक्टरीत स्टोअरकीपर. बावीस वर्षं त्यानं नट-बोल्ट काढून दिले, आवाज न चढवता. एप्रिलमध्ये एकदा जेवणाच्या सुट्टीत टेबलावर डोकं ठेवून झोपलेला दिसला. मी हळूच मागून गेलो आणि कानाशी शिट्टी वाजवली. उठला नाही. मला वाटलं, शेवटी शिकला लेकाचा, माझ्यावरच उलटवतोय. म्हणून आणखी जोरात वाजवली.

त्यानंतर वहिनी रोज रात्री त्याच्या फोटोपुढे पाण्याचा ग्लास ठेवायला लागली. घरातला साधा ग्लास नाही. शिवरामनं जर्मनीतल्या कोलोनहून आणलेला, उंच, बारीक, पातळ काचेचा. सकाळी तो कोरडा.

कोलोनचं सांगतो. मी, शिवराम आणि कार्गोतला अतुल, आम्ही तिघं दर सप्टेंबरला पाच दिवस युरोपला जायचो. म्युझियम नाही, चर्च नाही. गल्लीबोळातले पब शोधायचे, तिथलीच बिअर चाखायची. शिवराम वर्षभर पंचशील काटेकोर पाळायचा, दारूला शिवायचा नाही. "पाचवं शील एअरपोर्टवर ठेवून जातो, येताना उचलतो," म्हणायचा. बांबर्गची धुरकट बिअर पहिल्यांदा तोंडाला लावली आणि म्हणाला, "प्रेम्या, ह्यांनी भरताचं वांगं विसळलेलं पाणी दिलंय." पण संपवली. लहानपणी उपाशी दिवस काढलेला माणूस. पुढ्यात आलेलं टाकायचं नाही, हा त्याचा कायदा.

त्याच कायद्यावर मी कोलोनला डाव टाकला. तिथला वेटर विचारत नाही. ग्लास संपला की दुसरा ठेवतो आणि खालच्या पुठ्ठ्याच्या चकतीवर पेन्सिलनं रेघ मारतो. बास झालं, की चकती ग्लासवर झाकायची. हे मी अतुलला सांगितलं, शिवरामला नाही. तो बिचारा पीत राहिला. अकराव्याला त्याच्या डोळ्यांत पाणी आलं. "प्रेम्या, एवढ्या मायेनं देतायत, नाही कसं म्हणू? पण हे थांबत का नाहीत रे?" अतुल हसून हसून टेबलाखाली. मी हात लांब करून चकती झाकली. शिवरामनं चकतीकडे बघितलं, माझ्याकडे बघितलं. "एवढंच होतं?" म्हणाला. रागावला नाही. वेटरला त्याची इतकी दया आली, की तो ग्लासच भेट म्हणून देऊन टाकला.

आता त्याच ग्लासापायी वहिनी अडून बसली होती. व्हिसा नवऱ्याच्या नोकरीवरचा. कंपनीनं एकदा मुदत वाढवून घेतली होती, पण ह्या गुरुवारी खलास. पुण्यात लेक रचना, आठवा महिना लागलेला, रोज फोनवर रडत होती.

"मी नाही जाणार," वहिनी म्हणाली. "ते येतात, भावजी. मी गेले तर ग्लास कोण भरणार?"

मी इंजिनियर माणूस. म्हटलं, पाणी उडून जात असेल, हवा कोरडी आहे. मंगळवारी अर्धी रजा टाकली. दुपारी तिच्याकडे गेलो, एसी बंद केला, दाराला आतून कडी घातली. कोलोनचा ग्लास भरला, शेजारी तेवढंच पाणी घालून स्टीलचा पेला ठेवला आणि सोफ्यावर बसलो. ग्लासवर तशीच एखादी चकती झाकून बघावी, असंही मनात आलं. पण तहानलेल्याचं पाणी झाकायचा धीर होईना.

दोन तास काही नाही. घामानं शर्ट अंगाला चिकटला. अजान झाली तशी वहिनी चहा टाकायला आत गेली. मी मोबाइलवर अतुलचा मेसेज वाचला, एकच ओळ. मान वर केली.

ग्लास रिकामा होता.

स्टीलचा पेला काठोकाठ भरलेला. कडी जागेवर. मी जवळ गेलो. ग्लासाच्या आतल्या बाजूला फेसाची पांढरी गोल रेघ होती. तिच्याखाली दुसरी, त्याखाली तिसरी. एकेका घोटाला एकेक. सगळ्यात वरची हळूहळू खाली ओघळत होती. पाण्याला फेस येत नाही.

आत कपबशी वाजली. मी शर्टाच्या टोकानं ग्लास आतून पुसला.

"वहिनी," मी म्हणालो, "मीच."

"काय मीच?"

"रोज मीच रिकामा करतो. आत्ताही मीच प्यायलो. गंमत केली."

तिनं दोन्ही कप खाली ठेवले. एकही थेंब सांडला नाही.

"तेहतीस दिवस?"

"हो."

"मी रोज त्यांच्याशी बोलत होते, प्रेमानंद."

भावजी नाही. बावीस वर्षांत पहिल्यांदा.

मी दात काढून हसलो. हसलो नसतो, तर तिचा विश्वास बसला नसता. "निघा," ती म्हणाली. मी बाहेर पडलो, आणि दार लागायच्या आत माळ्यावरची बॅग ओढल्याचा आवाज आला.

गुरुवारी एअरपोर्टवर तिनं माझ्या हाताला एक पिशवीसुद्धा लागू दिली नाही. सगळं अतुलनं उचललं. ती आत गेली, मागे वळून तिनं अतुलला हात केला.

"रबरी पाल वेगळी, हे वेगळं," अतुल म्हणाला. "त्या बाईच्या दुःखावर खेळलास. सप्टेंबरचं विसर आता."

"बरं," मी म्हणालो.

तो त्याच्या गाडीनं गेला, मी माझ्या. हायवेला लागलो आणि गाडी टिंग-टिंग करायला लागली. समोर लाल दिवा, शेजारच्या सीटचा पट्टा लावलेला नाही म्हणून. सीटवर काही नव्हतं. बॅग नाही, फोन नाही.

मी गाडी कडेला घेतली. वाकून पलीकडचा पट्टा ओढला, जरा सैलसर, आणि लावला.

टिंग-टिंग थांबली.