रोडस्टर म्हणजे रोडस्टरच

तिला सगळे टपवाली म्हणत. जुन्या गाड्यांचे कापडी टप शिवायचे, सीट भरायच्या, दारांच्या आतलं अस्तर बदलायचं, हे तिचं काम. वर्कशॉप वडिलांचं होतं. ते गेल्यावर तिने तेराव्या दिवसाचीही वाट पाहिली नाही, चौथ्याच दिवशी शटर उघडलं. गळ्यात टेप, हातात दाभण, आणि जीभ अशी की गिऱ्हाईक दोनदा विचार करून तोंड उघडे.

एका सकाळी दातांच्या डॉक्टरबाई त्यांची गाडी टोचन करून घेऊन आल्या. दवाखाना बंद करून त्यांना तीन वर्षं झाली होती. गाडी त्यांच्या थोरल्या भावाची, तो गेल्यावर त्यांच्याकडे आलेली. दोनच सीट, लांबलचक नाक, आणि टपाच्या चिंध्या मागे लोंबत होत्या.

"पुढच्या महिन्यात जुन्या गाड्यांचा मेळावा आहे, स्पर्धाही आहे," डॉक्टरबाई म्हणाल्या. "या कन्व्हर्टिबलला झकास टप शिवून दे."

"कन्व्हर्टिबल कशावरून?"

"अगं, टप मागे टाकता येतो म्हणून! दुसरं काय म्हणतात त्याला?"

"दाराच्या आत पाहिल्याशिवाय मी काही म्हणत नाही," टपवाली म्हणाली.

तिचं म्हणणं साधं होतं. कन्व्हर्टिबलचा टप जाड, अस्तर लावलेला, गाडीला कायमचा जखडलेला. तो काचांच्या काठाला टेकला पाहिजे. रोडस्टरला दारात काचाच नसतात, तिचा टप म्हणजे पातळ कापड आणि हलका सांगाडा, उचलून सीटमागे ठेवायचा. नाव चुकलं की मापं चुकली. वडिलांनी एकदा गिऱ्हाइकाच्या शब्दावर विसंबून कापड कापलं होतं आणि अख्खा तागा फुकट गेला होता. तेव्हापासून या घरात गाडीला आधी नाव मिळे, मग तिला कात्री लागे.

दारांना फिरवून वर घ्यायच्या काचा होत्या खऱ्या, पण त्या अर्ध्यावर अडत. टपवालीने अस्तर उसवलं. आत काच उचलणारं यंत्र कुठल्या तरी दुसऱ्याच गाडीचं निघालं, वेडंवाकडं वेल्डिंग करून डकवलेलं. तिने दाराच्या वरच्या काठावरचा रंग खरवडला. खाली पुट्टीने बुजवलेली दोन गोल भोकं. दुसऱ्या दारालाही दोन.

तिने डॉक्टरबाईंचं बोट धरून त्या भोकावर ठेवलं. "यात सळया खोचायच्या. सळयांना कापडी पडदे, पडद्यांना पारदर्शक प्लास्टिकच्या खिडक्या. या गाडीला काचा जन्मापासून नव्हत्याच. थंडी वाजली तर पडदे लावायचे, नाहीतर दात वाजवत जायचं. ही रोडस्टर आहे."

"दात वाजण्याचं माझ्याकडे सोपव," डॉक्टरबाई हसल्या. मग गंभीर झाल्या. "पण काचा दादानेच बसवल्या असतील ना? त्याने केलेलं मी काढून टाकू?"

असल्या प्रश्नात नाक खुपसायची टपवालीला सवय नव्हती. ती कोपऱ्यात जाऊन दोरा ओवत बसली.

डॉक्टरबाई गाडीत बसल्या.

"फडफड," त्या अचानक म्हणाल्या. "मी सात-आठ वर्षांची असेन. दादा गाडी पळवायचा आणि माझ्या कानाशी सारखी फडफड व्हायची. मी ओरडायचे, दादा, हळू! त्याला ऐकूच जायचं नाही." त्यांनी डोळे पुसले. "काचा फडफडत नाहीत ना गं?"

"नाही फडफडत."

"मग काढ त्या."

टपवालीने काचा काढल्या, भोकं मोकळी केली, सळया वाकवून घेतल्या आणि चार आठवडे खपून टप आणि पडदे शिवले. शेवटचं टिचबटण बसलं तेव्हा तिची दोन बोटं सुजली होती.

मेळावा मोकळ्या मैदानावर होता. प्रत्येक गाडीपुढे तिच्या वर्गाचं कार्ड ठेवलेलं. यांच्या गाडीपुढे ठळक अक्षरांत लिहिलं होतं: कन्व्हर्टिबल.

"मी फॉर्मवर रोडस्टर लिहिलं होतं," डॉक्टरबाई म्हणाल्या.

मुख्य परीक्षक आले. इंजिनिअरिंग कॉलेजातून निवृत्त झालेले, मेळाव्याचे नियम त्यांनीच लिहिलेले. सगळे त्यांना सर म्हणत, आणि तेही सगळ्यांशी वर्गात उभे असल्यासारखे बोलत.

"कार्ड मी बदललं," सर म्हणाले. "टप निघतो ती कन्व्हर्टिबल. आमच्याकडे रोडस्टर असा वर्गच नाही. हल्ली कंपन्या काचा असलेल्या गाड्यांनाही रोडस्टर म्हणतात. त्या शब्दाला काही अर्थ उरलेला नाही."

"कंपन्यांना गाड्या विकायच्या असतात, त्या काहीही म्हणतील," टपवाली म्हणाली. "मला कापड कापायचं असतं."

गर्दी जमू लागली. शेजारच्या लाल गाडीचा मालक म्हणाला, "आमच्याकडे असल्या गाडीला स्पायडर म्हणतात." त्याची बायको म्हणाली, "तुमच्याकडे सगळ्यालाच स्पायडर म्हणतात." मागून कोणीतरी कॅब्रिओले म्हणालं, आणि कोणीतरी त्याला गप्प बसवलं.

सरांनी हात वर केला. "बाई, शिलाई उत्तम झाली आहे. त्याचे गुण देऊ. पण वर्गीकरण हा अभ्यासाचा विषय आहे. तो आमच्यावर सोडा."

टपवालीचे कान तापले. पण आवाज चढला नाही.

"सर, ही कन्व्हर्टिबल आहे ना? मग जरा काच वर करून दाखवा."

सर वाकले. दाराच्या आत हँडल शोधू लागले. एका बाजूला नव्हतं म्हणून वळसा घालून दुसऱ्या बाजूला गेले. लोक हसायला लागले. सर ताठ झाले.

"काच नसेल, पण नियम आहे."

"नियम तुम्ही लिहिलाय. गाडी तुमच्या आधीची आहे."

"मी कार्ड बदलणार नाही."

"मग मी बदलते." टपवालीने कानामागची खडूची कांडी काढली, कापडावर खुणा करायची. कार्डावरच्या शब्दावर आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: रोडस्टर.

"गाडी स्पर्धेतून बाद," सर म्हणाले.

बक्षीस टपवालीचं नव्हतं, गाडीही तिची नव्हती. तिने डॉक्टरबाईंकडे पाहिलं. "माझ्यामुळे तुमचं नुकसान झालं. म्हणाल तर पुसते."

"खबरदार पुसलंस तर!" डॉक्टरबाई म्हणाल्या. "पस्तीस वर्षं मी लोकांना सांगत आले की ही अक्कलदाढ आहे, सुळा नाही. कोणी सुळा म्हणालं म्हणून दाढेचा सुळा केला नाही कधी. बस गाडीत."

दोघींनी पडदे खोचले. गर्दी बाजूला झाली. मैदानाचा दरवाजा ओलांडून मोठ्या रस्त्याला लागताच डॉक्टरबाईंनी गाडी अशी सोडली की टपवालीने दोन्ही हातांनी सीट पकडली. दोन्ही बाजूंनी पडदे फडफडू लागले. डॉक्टरबाई काहीतरी ओरडत होत्या. टपवालीला एक शब्द ऐकू आला नाही.

पुढच्या वर्षी सरांनी रोडस्टरचा वर्ग काही सुरू केला नाही. पण मेळाव्याची नवी पुस्तिका आली त्यात कन्व्हर्टिबल हा शब्दही नव्हता. त्याऐवजी छापलं होतं: दोन आसनी उघडी गाडी.

डॉक्टरबाई पुस्तिका घेऊन मुद्दाम वर्कशॉपवर आल्या. "बघ, सर एक पाऊल मागे आले की नाही?"

टपवालीने वाचलं. चष्मा कपाळावर सरकवला.

"उघडी गाडी? हातगाडी आहे का ही?" ती म्हणाली. "फोन नंबर आहे ना तुमच्याकडे त्यांचा? लावा."