एका बोटावर बोट

"हे बघ," म्हणत मी ट्रेलरचा हुक उजव्या हाताच्या एका बोटावर उचलला. वर चौदा फुटी फायबरची बोट, तिच्या पाठीला टांगलेलं इंजिन, आणि सगळा डोलारा माझ्या एका बोटावर. गोरखनं तोंडात बोट घातलं.

"आयला दादाभाऊ! एका बोटावर बोट!"

मी मिशीत हसलो. डिंभ्याच्या धरणाजवळ रस्त्याला माझं वेल्डिंगचं दुकान आहे. तीस वर्षांत ट्रॅक्टरच्या दुचाकी ट्रॉल्या किती केल्या ते मलाही सांगता यायचं नाही. माझा नियम एकच: वजन बरोबर एक्सलवर तोललं पाहिजे, पुढं नाही, मागं नाही. गोरखला जुना मिळालेला हा ट्रेलर भलत्याच लांब बोटीचा होता. दोन दिवस खपून मी त्याच्या फळ्या जवळ आणल्या, त्यांवर सतरंजी ठोकली, पुढचा टेकूचा खांब सरकवला. बोट अशी बसली, की पाळण्यात तान्हं बाळ.

तेवढ्यात पत्र्याखाली शेंगा फोडत बसलेली आई बोलली. ब्याऐंशी वर्षांची आहे, पण गप्प बसेल तर शपथ.

"दादा, उलाळ तर नाय ना व्हत?"

"आई, ही काय बैलगाडी हाय का? तू आपल्या शेंगा फोड."

ती शेंगा फोडायला लागली.

धरणाच्या पलीकडच्या वस्तीवरची माणसं आजवर गळक्या होडीतून दवाखान्याला यायची. निम्मी माणसं वल्हवायची, निम्मी पाणी उपसायची. ही बोट गोरख त्यांच्यासाठी चालवणार होता. ती वाटेत फुटली असती तर दुसरी कुठून येणार होती?

आम्ही पिकअपला ट्रेलर जोडून निघालो. गाडीनं जरा वेग घेतला आणि मागून कुणीतरी धरून हलवावं तसा धक्का बसला. आरशात पाहिलं, तर ट्रेलर या कडेपासून त्या कडेपर्यंत शेपूट हलवतोय!

"गोरख, हळू! अरे, हळू घे!"

थांबलो तेव्हा ट्रेलरचं एक चाक रस्त्याच्या खाली गेलेलं होतं. बोटीचा एक पट्टा तुटला होता आणि बोट वीतभर तिरकी झाली होती. मी उतरून टायर पाहिले, बेअरिंग पाहिलं, नट पाहिले. सगळं ठणठणीत. मग हे हलतंय कशानं?

गोरखनं ट्रेलर विकणाऱ्याला फोन लावला. रेंज येत-जात होती.

"तो म्हणतोय, नोजला वजन पायजे."

"नोज म्हंजे नाक ना? कुणाचं नाक? बोटीचं, ट्रेलरचं का तुझ्या पिकअपचं?"

"ते इचारायच्या आत कट झाला की!"

बैलाच्या चालीनं परत आलो. मी दुकानात डोक्याला हात लावून बसलो. काही म्हणता काही सुचेना. इतका नेमका तोल साधला आणि तोच अंगावर आला! तीस वर्षं मी काय शिकलो, हेच मला कळेनासं झालं. लाज वाटत होती, आणि आईकडे बघायची तर जास्तच.

शेवटी मीच तिच्याजवळ जाऊन बसलो.

"आई, मघाशी उलाळ म्हणत व्हतीस ती कशी गं व्हती?"

तिनं टोमणा मारला नाही. दोन मुठी पुढं धरून खांद्यावरचं जू दाखवलं.

"बैलाच्या मानंवर थोडं वजन लागतंच बाबा. मागं जड झालं तर जू वर उठतं, बैलाला फास बसतो. निस्ता तोल बी कामाचा नाय. एका खड्ड्यात गाडी उलाळ व्हती. तुझा बा गाडी भरली की म्हणायचा, जरा म्होरं, धुरंकडं सरकव."

माझ्या डोक्यात लख्ख उजेड पडला. नाक म्हणजे हुक! पिकअपच्या मानेवर वजन हवं होतं आणि मी ते एका बोटावर आणून ठेवलं होतं.

बोट सरळ करून घेतली, पण फळ्यांवर पुढं-मागं सरकवली नाही. यू-बोल्ट ढिले करून एक्सल वीतभर मागं घेतला, पुन्हा आवळला, नवा पट्टा बांधला. आता हुक उचलायला आम्ही दोघं लागलो. आई म्हणाली, "मला बी न्या." या वेळी तिला गप्प बसवायची माझी छाती नव्हती.

ट्रेलर सबंध रस्ताभर शहाण्यासारखा मागून आला. उन्हाळ्यानं पाणी खाली गेलं होतं, म्हणून बुडालेल्या आमच्या गावाचा जुना गाडीरस्ता उघडा पडला होता. त्याच उतारानं ट्रेलर मागं घेत पाण्यात घातला. बोट हलकेच सुटून तरंगायला लागली, तिला कुठं ओरखडाही नव्हता.

"आजी, पहिल्या फेरीचा मान तुमचा," गोरख म्हणाला. "चला, बसा."

आई पाण्याच्या काठाशी उभी होती. तिनं चपला काढून हातात घेतल्या होत्या. मला वाटलं, बोटीत बसायला काढल्या.

"आई, ये ना."

"मी नाय बसायची," ती म्हणाली. "मारुतीच्या डोक्यावरनं जाऊ व्हय?"

तेव्हा मला कळलं, आम्ही गावाच्या वेशीपाशी उभे होतो आणि मारुतीचं देऊळ समोरच पाण्याखाली होतं. वेशीतल्या मारुतीपुढून बाया चपला हातात घेऊनच जायच्या. माझा जन्म त्या गावातला, आणि बोटीच्या नादात मला त्याची आठवणही झाली नव्हती. मी पायातले बूट काढून बाजूला ठेवले.

गोरखनं ते गाव कधी पाहिलेलं नव्हतं. तो इंजिनाच्या दोरीला हात घालून समोरच्या कोऱ्या पाण्याकडे गोंधळून बघत राहिला.

"कुठशी हाय मारुती, आजी?"

आईनं बोट दाखवलं. गोरखनं इंजिन चालू केलं आणि तेवढं पाणी सोडून, लांबून वळसा घालून बोट नेली.