जुळणी झाली, असं मी म्हणाले

मित्रांनो, मी एक जुनी दुर्बीण आहे, आणि ओळख करून देतानाच कबूल करून टाकते: मी एकदा चुकीचं बोलले आणि शिक्षा भोगली एका नऊ वर्षांच्या मुलीने.

साधीसुधी दुर्बीण नाही हं मी! माझ्या पोटात आरसा आहे, बुडाशी मोटर आहे आणि चाळीस हजार ताऱ्यांचे पत्ते मला तोंडपाठ आहेत. कारखान्यात माझा आरसा घासणाऱ्या बाईंनी तो उजेडाकडे धरून इतक्यांदा तपासला, की मला वाटायला लागलं, आपण चुकूच शकत नाही. पुढे एका कॉलेजात माझे फार लाड झाले. पाहुणे आले की मलाच पुढे करायचे. मग नवी, मोठी दुर्बीण आली आणि माझी रवानगी कपाटात, झाडूच्या शेजारी झाली. तीन वर्षं! शेवटी कॉलेजच्या ग्रंथपालबाईंना दया आली. त्यांनी मला घरी नेलं. त्यांना दोन मुली. थोरली पंधरा वर्षांची, ती ताई. धाकटी नऊ वर्षांची, तिला सगळे चिमणी म्हणत.

माझी एक रीत आहे. आधी मला तारीख, ठिकाण आणि वेळ सांगायची. मग मी अंदाजाने एका ठळक ताऱ्याकडे वळते. माणसाने तो तारा नेमका मध्यभागी आणायचा आणि रिमोटवरचं बटण दाबायचं. मग दुसऱ्या ताऱ्याचंही तसंच. दोन तारे जुळले की बाकीचं आकाश मी स्वतः शोधते.

त्या दिवशी धूमकेतू बघायचा होता. नुसत्या डोळ्यांना न दिसणारा, अगदी मंद. आधीचे चार दिवस ढगांनी खाल्ले होते आणि तो दिसण्याची ती शेवटची संध्याकाळ होती. ताईने जिन्यात चिठ्ठी लावली होती, ‘आज गच्चीवर धूमकेतू. सर्वांनी यावे.’ चौदा माणसं आली! चिमणीने तर वर्तमानपत्रातला नकाशा कापून महिनाभर उशाशी ठेवला होता.

अंधाराला डोळे सरावावेत म्हणून ताईने सगळ्यांचे मोबाइल खाली ठेवायला लावले होते. त्यामुळे वेळ विचारायला ती जिन्यात वाकून ओरडली, “आई, किती वाजले?”

“सात चाळीस!” स्वयंपाकघरातून उत्तर आलं.

आता गंमत बघा. त्या घरातलं घड्याळ मुद्दाम दहा मिनिटं पुढे ठेवलेलं असतं, कारण बाबांची रोज बस चुकते. घरातला प्रत्येक जण मनातल्या मनात दहा मिनिटं वजा करतो. ताई घाईत होती, तिने केली नाहीत. आणि मला ती पद्धत कोण सांगणार?

मी पुनर्वसू नक्षत्राकडे वळले. तिथे दोन ठळक तारे शेजारी शेजारी आहेत, एक पांढरा, एक पिवळसर. मला पिवळसर हवा होता, रिमोटच्या पाटीवर मी त्याचं नावही उमटवलं. पण वेळ चुकलेली, त्यामुळे मी थांबले भलतीकडेच. माझ्या पाठीवरच्या छोट्या शोधक दुर्बिणीत दोन्ही तारे दिसत होते. ताईने त्यातला पांढरा पकडला.

“ताई, हा नाही गं,” चिमणी म्हणाली. “शेजारचा. माझ्या नकाशात लिहिलंय, तो पिवळा आहे.”

“गप गं! मशीनला कळतं की तुला?”

मग दुसरा तारा, तांबूस आर्द्रा. तो ताईने बरोबर धरला. आता माझी पाळी होती. दोन ताऱ्यांमधलं अंतर मोजून मी खातरजमा करते. पण आर्द्रेपासून पुनर्वसूचे ते दोन्ही तारे जवळजवळ सारख्याच अंतरावर आहेत! फरक पडला जेमतेम अर्ध्या अंशाचा. तो मला जाणवला, मित्रांनो. अगदी स्पष्ट जाणवला. ‘एवढं चालतं,’ असं म्हणून मी पाटीवर अक्षरं उमटवली: जुळणी झाली.

“बघ!” ताई चिमणीला म्हणाली. सगळे हसले.

मग मी ऐटीत धूमकेतूकडे गेले. तिथे काहीच नव्हतं. चौदा जणांनी आळीपाळीने डोळा लावला आणि चौदा जणांना काळोख दिसला. तळमजल्यावरचे शिंपीकाका म्हणाले, “काय गं, तुझा धूमकेतू तिकीट काढायला रांगेत उभा आहे का?”

ताईचे कान लाल झाले. ती गर्रकन वळली. “चिमणे, तू तिपाईला धक्का दिलास! मघापासून लुडबुड चाललीय तुझी.”

“मी हातसुद्धा लावला नाही.”

“मग मशीन खोटं बोलतंय का?”

हो! बोलतंय! मी मोटर घुरघुरवली, पण त्याचा अर्थ कुणाला कळणार? चिमणीला महिनाभर गच्चीबंदी झाली. ती रडली नाही. नकाशाची घडी करून रद्दीत ठेवून आली, आणि पुढच्या आठवड्यात आईला म्हणाली, “माझे डोळे बिघडलेत. मला तारे चुकीचे दिसतात.”

त्या वाक्याने माझ्या आरशाला तडा कसा गेला नाही, देव जाणे.

आई तिला चष्म्याच्या दुकानात घेऊन गेली. घरी येऊन ती हसत हसत सांगत होती आणि मी कोपऱ्यातून ऐकत होते. चष्मेवाले म्हणाले होते, “बाई, हिला चष्मा द्यायचा तर आधी मला द्या! हिने तक्त्याखालचं छापखान्याचं नावसुद्धा वाचलं. आणि रंग? माझ्या शर्टाची कॉलर पिवळी पडलीय, तेही सांगितलं.”

बाबा हसले. ताई हसली नाही. ती तशीच उठली, मला उचलून गच्चीवर घेऊन गेली आणि सगळं पहिल्यापासून केलं. या वेळी मोबाइलवर वेळ बघून. मी पिवळ्या ताऱ्यापाशी थांबले. शेजारीच पांढरा तारा होता, तिने त्या रात्री धरलेला; ताईने शोधकातून दोन्ही पुन्हा पुन्हा पाहिले.

धूमकेतू तोवर सूर्याच्या उजेडात बुडाला होता.

दुसऱ्या संध्याकाळी ती चिमणीला वर घेऊन आली. “माझं चुकलं. तू बरोबर होतीस. आता तू सांग, कुठला?”

“मशीनला विचार,” चिमणी म्हणाली. माझा पत्रा थंड पडला.

“मशीनला नाही विचारत. तुला विचारतेय.”

चिमणीने आधी आकाशाकडे पाहिलं. मग शोधकात डोळा लावला. “नाही. हा नाही.”

खरं सांगते, तारा अगदी बरोबर होता आणि चिमणीला ते माहीत होतं. ती ताईकडे बघत होती. ताईने वाद घातला नाही. तिने मला बंद केलं, पुन्हा चालू केलं, पुन्हा तारीख, ठिकाण, वेळ. चिमणी पुन्हा म्हणाली, “नाही.” ताईने पुन्हा पहिल्यापासून सुरुवात केली.

मित्रांनो, माझी भिंगं पुसा, मला झाकून ठेवा, बॅटऱ्या काढायला विसरू नका. पण माझ्या पाटीवरची अक्षरं वाचून शेजारी उभ्या असलेल्या माणसाला गप्प करू नका. मला माफी मागता येत नाही, ती तुम्हालाच मागावी लागते.

तिसऱ्या वेळी चिमणी शोधकापासून बाजूला झाली आणि हळूच म्हणाली, “दाब आता.”